पाव आटा

आधी पाय बघून घ्या. डावा. घोट्याच्या वर चार बोटं, जिथं नडगीवर मांस असं नसतंच, नुसती कातडी हाडाला चिकटून असते, तिथून हाडाचं टोक बाहेर आलंय. चित्रातल्या हाडासारखं पांढरंफेक नाही ते. पिवळसर, ओलं, तिरक्या मोडलेल्या उसासारखं.

लहानपणी खेळताना नडगीवर लाथ बसली की डोळ्यांत पाणी यायचं, ते आठवतं? हाड आणि जग यांच्यामध्ये तिथं काहीच नाही, म्हणून ते इतकं लागायचं. आणि जुळायला हीच जागा सगळ्यात अवघड. मांडीच्या हाडाभोवती मांसाची जाड गादी असते, रक्त चहूबाजूंनी झिरपतं. नडगीच्या खालच्या टप्प्यात मांस संपतं आणि नुसत्या दोऱ्या उरतात. हाडाच्या पोटातून वरून खाली उतरणाऱ्या एका रक्तवाहिनीवर बरीचशी मदार असते, आणि हाड मोडतं तेव्हा तीही तुटते.

तर पाय हा, मोड ही. चार हजारांहून जास्त वर्षं आपण हेच घेऊन फिरणार आहोत. फक्त साल बदलेल. तुम्ही पाय हलवू नका, एवढंच.

*

ऊन. नाईलच्या पूर्व काठावरचं नागा एद-देर. गिझाचे मोठे पिरॅमिड उभे राहून शे-दीडशे वर्षं झाली असतील. तुमच्या शेजारी चौदाएक वर्षांची मुलगी आहे. मांडीचं हाड मोडलंय, आणि चार लाकडी कांबी कापडात गुंडाळून तिच्या मांडीभोवती गाठी मारून बांधल्यात. पलीकडे एक मोठा माणूस आहे. त्याच्या कोपरापुढची दोन्ही हाडं मोडलीत, जखम तुमच्यासारखीच उघडी आहे, आणि रक्त थांबावं म्हणून कुणीतरी तीत झाडाच्या तंतूंचा बोळा कोंबलाय.

बांधणारे हात नवखे नाहीत. गाठी बघा, एका ओळीत आहेत. पण १९०८ साली शरीररचनेचे अभ्यासक ग्राफ्टन इलियट स्मिथ यांनी थडग्यातून निघालेल्या या कांबी जगापुढे मांडल्या, तेव्हा पट्ट्या जागच्या जागी होत्या आणि हाडांवर भरून येण्याची एकही खूण नव्हती. म्हणजे ही दोघं मोडीनंतर काही दिवसांतच गेली. हाडाला सुरुवात करायलाही वेळ मिळाला नाही.

सुरुवात कशी होते, ते या क्षणी तुमच्याच पायात चाललंय. मोडलेल्या टोकांभोवती रक्त साकळलंय. ती गुठळी म्हणजे घाण नव्हे, ते पहिलं बी आहे. आठवडाभरात तिच्यात बारीक नव्या रक्तवाहिन्या शिरतील. दोन-तीन आठवड्यांत तिथं कूर्चा धरेल, नाकाच्या शेंड्यासारखी, वाकणारी. मग तिच्यात चुना बसत जाईल आणि मोडीभोवती हाडाचं एक ओबडधोबड कडं तयार होईल. डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात. ते कडं घासूनपुसून पूर्वीच्या आकाराला यायला वर्षं लागतात. कातडी कापली की व्रण राहतो. हाडाचं तसं नाही. ते व्रणानं भरत नाही, हाडानंच भरतं. शरीरात हे कसब फार थोड्यांना आहे.

सगळं सुरळीत झालं तर. तुमचं होणार नाही, म्हणून तर आपण निघालोय.

*

आता लाकडी फळी पाठीला लागतेय. प्राचीन भारतातल्या, सुश्रुताच्या परंपरेतल्या वैद्यानं तुम्हाला कपाटशयनावर निजवलंय. कपाट म्हणजे दाराची फळी. तिला पाच खुंट्या ठोकून त्यांना पाय असा जखडलाय की कूस बदलायची सोय नाही. मोडीवर वड, पिंपळ, पळस, उंबर असल्या झाडांच्या साली कांब म्हणून बसवल्यात. पट्टी थंडीत सात दिवसांनी सोडायची, समशीतोष्ण ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. जखमेवर मध आणि तूप घातलेला तुरट लेप. प्यायला पहिलटकरीण गाईचं दूध, त्यात तूप आणि लाख. मीठ, आंबट, तिखट, ऊन, व्यायाम आणि बायको, सगळं वर्ज्य.

हसू नका. या माणसाला दोन गोष्टी माहीत आहेत, ज्या पुढं फार काळ लोक विसरत राहिले. एक म्हणजे वय: लहानपणी महिन्यात सांधा पक्का होतो, मधल्या वयात दुप्पट वेळ लागतो, उतारवयात तिप्पट. दुसरी म्हणजे पू. मोडलेली जागा पिकू देऊ नये, वैद्यानं त्यासाठी आटापिटा करावा, कारण भोवतालचं मांस, शिरा, स्नायू पिकले की ती मोड कष्टानंच बरी होते. हे सूक्ष्मदर्शकाशिवाय लिहिलंय.

पलीकडच्या फळीवर बोंब उठलीय. त्या माणसाची मांडी केव्हाच जुळली होती, पण वाकडी. वैद्य ती पुन्हा मोडतोय. विषम जुळलेलं हाड फोडून सरळ करावं आणि नव्या मोडीसारखं वागवावं, असं सुश्रुतसंहितेत सांगितलंय. वाचताना ते एका ओळीचं आहे, ऐकताना नाही.

तुमची मोड मात्र त्याच्या हाताबाहेरची. चौथ्या दिवशी पट्टी ओली झालीय, आणि वास येतोय.

*

थंडी, चिखल, घोड्याचा वास. १७५६, लंडनबाहेरचा ओल्ड केंट रोड. घोड्यावरून पडलेला हा माणूस सर्जन आहे, पर्सिव्हल पॉट. त्याचीही नडगी तुमच्यासारखीच, हाड कातडीबाहेर. चार लोक त्याला उचलायला धावतात आणि तो त्यांच्या अंगावर ओरडतो. कुणीही हात लावायचा नाही. तुमच्या-आमच्या हौशी मदतीनं किती पाय गेले असतील, हे त्याला ठाऊक आहे. उचलताना टोकं आत घुसतात, मांस फाटतं, उरलंसुरलं रक्तही तुटतं. तो तसाच गार रस्त्यावर पडून राहतो आणि मेणा वाहणाऱ्या भोयांना बोलावणं धाडतो. ते येईपर्यंत एक दार विकत घेतो. भोयांच्या दांड्या त्याला खिळ्यांनी ठोकून घेतो, आणि त्या दारावर निजून घरी जातो.

दार! दोन खंडं, मधे किती शतकं, आणि मोडक्या पायाला पुन्हा दाराचीच फळी. सुश्रुताचं नाव पॉटनं ऐकलं असण्याचं कारण नाही. मोडलेलं हाड माणसाला त्याच त्याच गोष्टी शिकवत असावं.

घरी सर्जन जमलेत. एकमत झालंय: पाय कापायचा. हत्यारं मांडलीत. पॉट स्वतः तयार आहे, कारण विद्यार्थ्यांना त्यानंही हेच शिकवलं असतं. इतक्यात त्याचा म्हातारा गुरू, एडवर्ड नर्स, दारातून आत येतो, पाय बघतो आणि म्हणतो, वाचवून पाहू. पाय वाचतो. अंथरुणात पडल्यापडल्या पॉट लिहायला लागतो, आणि पुढं त्याचं नाव मोडींच्या पुस्तकांना कायमचं चिकटतं.

तुमच्यासाठी गुरू आलेला नाही. हत्यारं तुमच्याकडे वळताहेत. चला, इथून निघूया.

*

१२ ऑगस्ट १८६५, ग्लासगो रॉयल इन्फर्मरी. शेजारच्या खाटेवर अकरा वर्षांचा जेम्स ग्रीनलीज आहे. गाडीचं चाक डाव्या नडगीवरून गेलंय. तुमचीच मोड, फक्त पाय लहान.

वॉर्डात नाक धरावंसं वाटेल. तेव्हाच्या रुग्णालयांत पू येणं हा नियम होता, दाट पिवळा पू आला तर डॉक्टर खूशही होत. उघडी मोड म्हणजे हवेशी सामना, आणि हवेतून सडणं येतं, एवढंच ठाऊक. म्हणून कापत. कापूनही माणसं जात. याच इन्फर्मरीत जोसेफ लिस्टरनं अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले.

हा लिस्टर, अडतीस वर्षांचा, तुमच्या खाटेजवळ उभा आहे. त्यानं फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरचं वाचलंय, की सडवते ती हवा नाही, हवेतले जीव सडवतात. आणि त्यानं ऐकलंय, की कार्लाइल गावात मैल्यावर कार्बोलिक आम्ल टाकल्यावर घाण वास गेला आणि त्या कुरणात चरणारी जनावरं आजारी पडेनाशी झाली. दोन गोष्टी त्यानं एकत्र जोडल्या. आता तो कपडा त्या तपकिरी द्रवात बुडवून पोराच्या जखमेत घालतो. मग कांबी. तुमच्यावरही तेच. झोंबतं. वास ओळखीचा आहे, जुन्या दवाखान्यातल्या लाल साबणाचा.

चार दिवस. कुणी पट्टी सोडत नाही. पाचव्या दिवशी सोडतात तेव्हा सगळे वाकून हुंगतात, आधी बघत नाहीत, हुंगतात. सडका वास नाही. सहा आठवड्यांनी पोराची हाडं जुळलेली असतात. लिस्टरच्या पहिल्या मोजणीत अशा ११ उघड्या मोडी होत्या. त्यातल्या ९ जणांचा अवयव आणि जीव दोन्ही वाचले, एकाचा अवयव कापावा लागला, एक गेला.

इथं थांबून एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा प्रवास तिच्यावर आहे. पाय कापला की हाड न जुळण्याचा प्रश्नच उरत नाही. माणूस दगावला तरी उरत नाही. ‘जुळलं नाही’ हे वाक्य म्हणायला आधी माणूस आणि पाय दोन्ही शिल्लक असावे लागतात. लिस्टरनं दोन्ही शिल्लक ठेवले, आणि त्याच दरवाजातून एक जुनंच पण आजवर गर्दीत न दिसलेलं दुखणं पुढं आलं. पाय आहे, जखम भरलीय, ताप नाही, माणूस जेवतोय, आणि नडगी मधेच हलतेय.

*

पुढची शंभर वर्षं भरभर. प्लास्टर रुळतं. १८९५ मध्ये रॉन्टगेनचे क्ष-किरण येतात, आणि कातडी न कापता टोकं दिसायला लागतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सर्जन क्युन्टशर मांडीच्या हाडाच्या पोकळीतून धातूची सळई ठोकतो. आपल्याकडे आज ‘रॉड टाकला’ म्हणतात तो तिचाच वंशज. पेनिसिलिन येतं. तुम्हाला वाटतं, सुटलो.

१९६५, ऑक्टोबरातलं मॉस्को. ओला रस्ता, मोटारसायकल घसरते, आणि मागे बसलेला तरुण फेकला जातो. व्हॅलेरी ब्रुमेल. उंच उडीतला विश्वविक्रम त्यानं सहा वेळा मोडला होता. शेवटचा, १९६३ चा, २.२८ मीटर. आदल्याच वर्षी टोकियोत ऑलिम्पिक सुवर्णपदक. आणि आता उजव्या नडगीचे तुकडे, बाहेर आलेले. तुमच्या शेजारची खाट त्याची आहे असं समजा.

पाय कापायचं घाटत होतं, पण कापला नाही. जीव वाचला. मग महिने लोटतात, एकामागून एक शस्त्रक्रिया होतात, आणि तुमच्या दोघांच्या पायांना तो वास पुन्हा येतो. हाडात शिरलेला जंतू मांसातल्यासारखा वागत नाही. ज्या तुकड्याचं रक्त तुटलं तो तुकडा मरतो, आणि मेलेलं हाड म्हणजे जंतूंना बांधून दिलेला वाडा. औषध रक्तातून जातं, आणि त्या वाड्यात रक्तच जात नाही. म्हणून इंजेक्शनं चालू असताना बरं वाटतं, थांबली की नासूर पुन्हा वाहायला लागतो. बाहेरून एक बारीक भोक, दोन थेंब पू. आत महाल.

तुमचा एक्स-रे फोटो डॉक्टर खिडकीच्या उजेडात धरतात. त्यात काय दिसतं? दोन प्रकार दिसू शकतात. एकात टोकं रुंद, पसरलेली, हत्तीच्या पावलासारखी. त्या हाडाला जगायचंय, ते धडपडतंय, पण सारखं हलत असल्यानं त्याचा पूल पडतोय. तिथं फक्त घट्ट धरलं तर जमतं. दुसऱ्यात टोकं निमुळती, शिसपेन्सिलीसारखी, पोकळीची तोंडं बंद झालेली. त्या हाडानं प्रयत्नच सोडलाय. तुमचं दुसरं.

मधल्या फटीत काय असतं, ते तर आणखी विचित्र. तंतू असतात, कूर्चा असते, आणि कधीकधी सांध्यात असतं तसं वंगण पाझरणारं अस्तरही. म्हणजे जिथं सांधा नव्हता तिथं शरीरानं एक सांधा घडवलेला असतो. त्याला खोटा सांधा म्हणतात. मला तरी शरीराचं हे सगळ्यात केविलवाणं शहाणपण वाटतं: मोड मिटत नाही ना, मग तिच्यासोबत राहायचं, तिला तेल घालायचं, आणि एक जास्तीचा गुडघा पाळायचा.

प्लास्टरचे महिने मोजू नका. गुडघा धरलाय, घोटा धरलाय, पोटरी हाताच्या मनगटाएवढी झालीय. हाड वाचवायला पाय बांधला, आणि बांधलेला पाय वाळत गेला. ब्रुमेल तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, सैबेरियातल्या एका गावाचं तिकीट काढतो. तुमचं प्रकरण त्याच्याहून बिघडलंय. मेलेलं हाड जवळजवळ चार सेंटिमीटर आहे. म्हणून मी तुम्हाला त्याच गावी, पण आणखी बारा वर्षं पुढं उतरवतो.

*

कुर्गान, १९८०. ट्रान्स-सैबेरियन रेल्वेचं स्टेशन, पलीकडे तोबोल नदी. रशियन भाषेत कुर्गान म्हणजे थडग्यावरचा मातीचा उंचवटा. नागा एद-देरच्या थडग्यापासून निघून थडग्याच्याच नावाच्या गावात आलोय, पण इथं लोक चालायला येतात.

वॉर्डाच्या दारात उभे राहा. काय ऐकू येतं? लोखंड. लादीवर चालणारी माणसं, आणि त्यांच्या पायांभोवती कड्या. नडगीला आरपार तारा, त्या तारा गोल कड्यांना ताणून बांधलेल्या, आणि कड्या एकमेकींना आट्यांच्या सळयांनी जोडलेल्या. कुणाची दंडाला, कुणाची मांडीला. कुणी व्यायाम करतंय, कुणी बुद्धिबळ. पाय मोडलेली माणसं झोपलेली असतात, हे तुम्ही आजवर बघत आलात. इथं झोपलेलं कुणी नाही.

जाड मिशांचा तो गृहस्थ म्हणजे गावरिल इलिझारोव्ह. जादूचे प्रयोग करायचा त्याला नाद आहे, आणि मॉस्कोकडच्या काही मोठ्या लोकांना त्याचं यंत्रही तसलाच प्रकार वाटत आलाय. हे सर्जनचं नव्हे, फिटरचं काम, असं हिणवून झालंय. १९४४ मध्ये पदवी घेऊन तो कुर्गान भागातल्या एका खेड्यात एकटा डॉक्टर म्हणून आला. युद्धातून परतलेले न जुळलेले पाय दारात रांगेनं उभे. घोड्याच्या गाडीचं जू आणि दांड्या कशा ताणानं एकमेकांना धरून ठेवतात ते बघून त्याला कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. १९५१ मध्ये पहिलं यंत्र झालं. मर्म सायकलच्या चाकातलं आहे. सुटी तार बोटानं वाकते, पण ताणून बसवली की त्याच बारीक तारांवर माणूस बसून जातो.

आणि मग ती चूक. जुळत नसलेली टोकं यंत्रानं एकमेकांवर दाबायची, हा त्याचा बेत होता. एका रुग्णाच्या यंत्राचे नट उलटे फिरले, असं सांगितलं जातं. दाब येण्याऐवजी टोकं लांब जात राहिली. बऱ्याच दिवसांनी फोटो काढला, तर फटीत नवं हाड धरलेलं.

पाठ्यपुस्तकानुसार हे व्हायला नको. टोकं दूर केली तर हाड जुळत नाही, हे हाडवैद्यालाही माहीत असतं. पण इलिझारोव्हनं ते हसण्यावारी नेलं नाही. कुत्र्यांवर वर्षानुवर्षं मोजत बसला. दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर हाड घाईनं बंद होतं आणि पुढं ताणताच येत नाही. दोन मिलिमीटर ताणलं तर मधली जागा तुटून रिकामी राहते. एक मिलिमीटर बरोबर. आणि तो एक मिलिमीटर एका झटक्यात नाही. चार वेळा, पाव-पाव. जितका बारीक तुकडा तितकं हाड खूश.

तुमच्यावर शस्त्रक्रिया झालीय. दोन गोष्टी केल्यात. खाली घोट्याजवळ, मेलेलं हाड पूर्ण कापून टाकलंय, रक्त दिसेपर्यंत. जिवंत हाडाच्या कापाला रक्ताचे बारीक ठिपके येतात, मेलेल्याला येत नाहीत, तीच खूण. म्हणजे आता नडगीत चार सेंटिमीटर काहीच नाही. आणि वर, गुडघ्याखाली, चांगल्या हाडाला मुद्दाम एक चीर दिलीय. फक्त बाहेरचं कवच. आतली मज्जा आणि वरचं पातळ वेष्टन शक्य तितकं शाबूत, कारण रक्त तिथूनच येणार.

चांगलं हाड का मोडलं, असं तुमच्या तोंडावर आलंय. सुश्रुताच्या शेजारचा तो ओरडणारा माणूस आठवा. वाकडं सरळ करायला मोडलं होतं, इथं कमी पडलेलं वाढवायला मोडलंय.

सात दिवस काही करायचं नाही. गुठळी साकळू द्यायची. आठव्या दिवशी सकाळी नर्स पाना घेऊन येते. सळईच्या आट्यांचं अंतर एक मिलिमीटर आहे, म्हणजे नट एक पूर्ण फेरा फिरला की एक मिलिमीटर. पाव आटा फिरवला की पाव मिलिमीटर. ती पाव आटा फिरवते. काही वाटत नाही. खरंच काही वाटत नाही. दुपारी पुन्हा, संध्याकाळी, रात्री. चार झाले.

मधला हाडाचा तुकडा खाली सरकायला लागलाय. दिवसाला एक मिलिमीटर, नखापेक्षा कितीतरी जलद. त्याच्यामागे, चिरेत, तंतू ताणाच्या दिशेनं सरळ उभे राहताहेत, मागावरच्या ताण्यासारखे, आणि दोन्ही टोकांकडून त्यांच्यावर हाड चढतंय. ताणलेल्या पायात रक्तही आधीपेक्षा जास्त धावतं. म्हणून त्याच्या वॉर्डात एक म्हण झालीय, की हाडातला जंतू नव्या वाढीच्या आगीत जळतो. शब्दशः घेऊ नका; मेलेलं हाड आधी काढावंच लागतं. पण जिथं वर्षानुवर्षं औषध पोचलं नव्हतं तिथं रक्त पोचतंय, एवढं खरं.

सोपं नाही हे. तारा कातडीतून जातात तिथं लाल होतं, पाझरतं, रोज पुसावं लागतं. तुकडा खाली सरकतो तेव्हा तारा कातडीला नांगरत जातात. हाड वाढतं पण स्नायू कुरकुरतात; घोटा खाली वळायला बघतो, गुडघा धरू बघतो. रात्री झोप तुकड्या-तुकड्यांची. आणि तरी सकाळी कुणीतरी येऊन म्हणतं, उठा, चाला. पायावर वजन टाका. हाडाला भार लागतो. ज्या पायाला तुम्ही चार हजार वर्षं हलू दिलं नव्हतं, त्याच्यावर उभं राहायचं.

शेजारच्या खोलीत एक इटालियन आहे. कार्लो माउरी, लेक्को गावचा गिर्यारोहक. १९५८ मध्ये काराकोरममधल्या गाशेरब्रुम चारच्या माथ्यावर तो आणि वॉल्टर बोनाटी पहिले पोचले होते. १९६१ मध्ये स्कीइंग करताना पाय मोडला, आणि तो धड जुळलाच नाही. लांडा, वाकडा झालेला तो पाय घेऊन जवळपास वीस वर्षं जग फिरत राहिला. नॉर्वेजियन संशोधक-प्रवासी थॉर हायरडालच्या ‘रा’ नावाच्या बोटीवरही होता. पपायरसच्या जुड्या बांधून केलेली, जुन्या इजिप्तच्या चित्रांवरून बेतलेली बोट. त्या बोटीवरचा डॉक्टर सोव्हिएत होता, युरी सेनकेविच. त्यानं तो पाय पाहिला होता, आणि पुढं कुर्गानचं नाव सुचवलं ते त्यानंच. नाईलकाठच्या त्या कांबींपासून निघालेली वाट अशी गवताच्या बोटीतून सैबेरियात येते. मी मुद्दाम जुळवलेली नाही.

माउरी सरळ पायानं इटलीला परतला, आणि तिथले डॉक्टर ते बघून चाट पडले. १९८१ मध्ये कोमो सरोवराकाठच्या बेलाजोत सर्जनांच्या परिषदेला इलिझारोव्हला बोलावणं गेलं. त्याची फोटोंची मालिका संपली तेव्हा सभागृह उभं राहिलं. पश्चिमेला हे तीस वर्षं उशिरा कळलं. ब्रुमेल तोवर केव्हाच पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारून मोकळा झाला होता. विक्रमाच्या जवळपास नाही. पण मोडलेल्या नडगीनं.

तुमचा तुकडा, आटे फिरवायला लागल्यापासून चाळिसाव्या दिवसाच्या आसपास, खालच्या टोकाला जाऊन भिडतो. पण यंत्र निघत नाही. ताणलेल्या जागेतला चुना पक्का व्हायला दर सेंटिमीटरमागे साधारण महिना-दीड महिना लागतो, आणि जिथं टोकं भेटलीत तिथं ती पुन्हा हट्ट करू शकतात. तिथंच कधीकधी पुन्हा थोडं हाड घालावं लागतं. बिडी ओढणाऱ्यांना जास्त वेळ लागतो. खिशातली पुडी काढून ठेवा. हो, दिसली मला.

*

शेवटचं ठिकाण ओळखीचं आहे. महाराष्ट्रातलं एक सरकारी रुग्णालय, हाडांचा वॉर्ड, आजची दुपार. पंखा आवाज करतोय. कोपऱ्यातल्या खाटेवर तिशीचा माणूस बसलाय, डाव्या नडगीभोवती तीच कडी. दुचाकीला ट्रकनं मागून उडवलं, पहिल्या ठिकाणी प्लेट टाकली, ती पिकली, काढली, आणि मग इथं आला. पायजम्याची एक बाजू उसवून बटणं लावून घेतलीत. तारांभोवती गॉजचे चौकोन. गॅरेजमध्ये काम करतो तो, त्यामुळे डॉक्टरांनी पाना हातात दिला तेव्हा हसला होता. दहा नंबरचा. रोजचा.

नटांच्या एका-एका कडेला बायकोनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, म्हणजे कुठून किती फिरवलं ते चुकत नाही. उशाशी वही आहे, चार रकाने, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, आणि बरोबरच्या खुणा. काल रात्रीचा रकाना रिकामा आहे.

‘‘अहो, रात्रीचा राहिला ना?’’

‘‘झोप लागली गं.’’

‘‘मग आता दोन्ही एकदम फिरवू नका. डॉक्टर काय बोलले? राहिला तर राहिला.’’

तो मान हलवतो. गॅरेजमधला हात आहे, घट्ट करायची सवय आहे, तो हात आवरायला लागतो. पाना नटावर बसवतो. लाल ठिपका खिडकीकडे आहे. हळूच, अगदी बोटांच्या टोकांनी, तो ठिपका पंख्याकडे आणतो आणि थांबतो. मग पुढचा नट.

ती वहीत खूण करते आणि तुमच्या पायाकडे बघते.

‘‘तुमचा किती राहिलाय?’’